माझ्या ताटाचा फोटो

फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधी कतारमध्ये, अल गराफाजवळ, स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम आमच्याकडे होतं. साइटच्या कॅन्टीनमध्ये एक जण रोज माझ्यासमोर बसायचा. क्रेन चालवतो, एवढंच मला माहीत. त्याच्या ताटात भाताचा डोंगर, माझ्या ताटात निम्म्यावर भाजी नि सॅलड, वाटीभर डाळ आणि एक खुबूस रोटी. मी घास उचलायच्या आत तो हळूच फोन काढायचा आणि फोटो घ्यायचा. माझ्या ताटाचा.

मला ते खटकलं. त्या दिवसांत मजुरांच्या हालांच्या बातम्या गाजत होत्या; साइटवर फोटो काढणारा माणूस पेपरवाल्यांचा, नाहीतर कंपनीने पेरलेला, असंच आम्ही धरून चालायचो. मी ताट हाताने झाकायला लागलो. तो मान तिरकी करून वाट बघायचा.

शेवटी मी हिंदीत दरडावलं. तो मराठीत म्हणाला, "तुमचं ताट माझं म्हणून बायकोला पाठवतो, साहेब. मला शुगर हाय. ती फोटो डॉक्टरला दाखवती, तिकडं डॉक्टर गोळ्या वाढवायलेत, अन् ती इचारती, एवढं नीट खाऊन शुगर उतरंना कशी?"

म्हणजे माझ्या जेवणावर याच्या गोळ्या ठरत होत्या. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ताटभर भात घेतला. त्याने फोन काढला, माझं ताट पाहिलं आणि फोन खिशात ठेवला.

"एवढा भात बरा न्हाई, साहेब," तो काळजीने म्हणाला, आणि स्वतःच्या डोंगराला हात घातला.