बारा लेखांची भर

सुरतेत डिंडोलीला एका टायपिंगवाल्याच्या दुकानात प्रबंध टाइप करून मिळतो आणि शेवटी जोडायची संदर्भसूचीही. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हजारो पुस्तकांच्या आणि लेखांच्या नोंदी आहेत. त्यांतलं एकही त्याने कधी उघडलेलं नाही. तरी लेखकांची नावं तो शेजाऱ्यांची घ्यावीत तशी घेतो. डोळे स्क्रीनवर, तोंडात मावा, आणि काहीही विचारा, उत्तर एकच: "टेन्शन घेऊ नका, बेन. एका क्लिकचं काम."

माझा प्रबंध घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवणाऱ्या बायकांवर होता. बमरोलीच्या एका मावशींनी दोन वर्षं मला त्या कामातलं सगळं सांगितलं होतं. छापून आलेल्या सूचीत त्यांचं नावच नव्हतं.

"काढलं," तो म्हणाला. "प्रकाशक नाही, साल नाही. सॉफ्टवेअर लाल दाखवतं. त्यांच्या जागी बारा विदेशी लेख टाकलेत."

"तुम्ही वाचलेत ते?"

"वाचायला कोण बसलंय? यादी जाडी दिसली पाहिजे."

त्याच्या निर्लज्जपणाचा मला संताप आला. तिथेच उभं राहून मी मावशींचं नाव परत घालून घेतलं. मग बारा लेखांवर बोट ठेवत त्याने विचारलं, "आणि हे? काढू?"

"राहू द्या," मी म्हणाले.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी मावशींबद्दल एक शब्दही विचारला नाही. संदर्भसूचीचं मात्र तोंडभरून कौतुक केलं. मी मान लववून "थँक्यू, सर" म्हणाले.