स्कूलचे डॉक्टर, कॉलेजची परीक्षा

डॉक्टर मंडळी जमली की पेशंटचे किस्से निघतील असं लोकांना वाटतं. छे! निघतात ते परीक्षेचे. घाबरलेल्या माणसाच्या सगळं लक्षात राहतं, म्हणून आमच्याकडे अशा किश्श्यांचा ढीग साचलाय.

मध्यभारत राज्याचे दिवस. आम्ही मेडिकल स्कूलचे डिप्लोमावाले, दहा-दहा वर्षं प्रॅक्टिस केलेले. इंदूरला स्कूलचं कॉलेज झालं आणि एम.बी.बी.एस. व्हायला आम्ही पुन्हा बाकावर बसलो, विशीतल्या पोरांशेजारी. नापास झालो तर सरकारी दवाखान्यात जन्मभर दुय्यम!

*

पहिल्या चाचणीचा निकाल लागला. पोरं वर, आम्ही तळाला. मी वरून नाव शोधत होतो. मागून क्लार्क तिवारीजी हळूच म्हणाले, "भिया, नीचे से देखो, जल्दी मिलेगा!"

*

आमच्यातला शिर्के परदेशीपुऱ्यातल्या मिल मजुरांचा डॉक्टर. पुस्तकं घेऊन वर्गात शिरताना त्याला एका जुन्या पेशंटनं पाहिलं. बाई जागच्या जागी थिजली.

"डॉक्टरसाब, तुम्ही अजून शिकताय? मग माझं बाळंतपण कसं केलंत?"

शिर्के त्या दिवशी जेवला नाही.

*

मल्हारगंजात प्रॅक्टिस करणाऱ्या आमच्यातल्या लीलाताई पेपरआधी व्हरांड्यात डोळे मिटून बसलेल्या. मी घाबरून नाडी बघायला हात पुढे केला.

"राहू द्या, मोजलीय मी. एकशे चाळीस. पेशंट असते तर ॲडमिट केलं असतं!"

आणि उठून पेपरला गेल्या.

*

शेवटी प्रॅक्टिकल. परीक्षक बाहेरगावचे, कडक. पोरांना हसत प्रश्न विचारायचे. आमचा डिप्लोमा पाहिला की चष्मा काढून ठेवायचे. शिर्केला टायफॉइडचा पेशंट मिळाला. मी शेजारच्या खाटेपाशी उभा.

परीक्षकांनी प्रश्न सुरू केले. शिर्केचा पहिला प्रश्न गेला, दुसरा गेला. त्याचा हात तेवढा पेशंटच्या पोटावर होता. एकाएकी त्यानं मान वर केली.

"सर, पोट लाकडासारखं झालंय. आतडं फुटलंय. याला आत्ता ऑपरेशनला न्यायला हवं."

"तुमची परीक्षा चालू आहे, डॉक्टर."

"असू द्या!"

त्यानं स्वतः स्ट्रेचर ओढलं आणि निघून गेला. मला वाटलं, संपला शिर्के!

दोन तासांनी परतला. शर्ट घामानं चिंब, चेहरा पांढरा. "पेशंट जिवंत आहे, सर," एवढंच बोलला आणि खाली मान घालून उभा राहिला.

परीक्षकांनी काढून ठेवलेला चष्मा पुन्हा चढवला. मग दार लोटून घेत हलक्या आवाजात म्हणाले, "माझी बायको सकाळपासून गेस्ट हाउसवर पोट धरून बसलीय. जरा येता?"