भाड्याने दिलेलं खातं

“मॅम, बँकेतलं खातं भाड्याने देता येतं का? खोली देतात तसं?”

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण विचारणारी खुशबू हसत नव्हती.

बनारसच्या एका शाळेत मी बारावीला इकॉनॉमिक्स शिकवते. शनिवारचा एक पीरियड पर्सनल फायनान्सचा असतो. बचत, विमा, कर्जाचं व्याज, बँकेचे व्यवहार. त्याला मार्क नाहीत, त्यामुळे मुलं मोकळेपणाने बोलतात. सगळं हिंदीतच चालतं. आमची मराठी घरातली, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीपुरती. इथलं बोलणं मात्र मी मराठीतच लिहिते आहे.

तास संपल्यावर मी खुशबूला थांबवलं.

“कुणाला दिलंयस खातं?”

“मामाला.”

खुशबू गंगेपलीकडच्या रामनगरची. वडील ई-रिक्शा चालवतात. ती अठराची झाली तसं मामाने तिला बँकेत नेऊन खातं उघडून दिलं. स्कॉलरशिप यात येईल म्हणाला. एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम त्याने स्वतःकडे ठेवलं. बदल्यात भाचीला नवा फोन घेऊन दिला.

“मग आता काय झालं?”

“कार्ड चालेना, म्हणून मामा चिडलाय. बँकेत जाऊन चालू करून आण म्हणतो. कुणी विचारलं तर सांग, मी साड्यांना फॉल-पिको करते, त्याचे पैसे येतात.”

अशा खात्याला म्यूल अकाउंट म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. ओझं दुसऱ्याचं, पाठ त्याची. कुठेतरी कुणाला फोनवरून घाबरवून पैसे पाठवायला लावतात. ते पैसे ठग स्वतःच्या खात्यात घेत नाही. खुशबूसारख्या कुणाच्या तरी खात्यात घेतो आणि लगेच काढतो. पोलिस माग काढत येतात तेव्हा ठगाचं नाव कुठेच नसतं. खातेदाराचं मात्र आधार, फोटो, सही, सगळं खरं असतं.

मी प्रिन्सिपल सरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं.

“मॅडम, हे घरगुती प्रकरण आहे. शाळेचं नाव कुठे यायला नको.”

“मुलगी शाळेची आहे, सर.”

“मुलगी सज्ञान आहे. तुम्हाला जायचं असेल तर सुट्टी टाकून जा.”

मी सुट्टी टाकली.

बँकेत खुशबूची आईही आली. डोक्यावरचा पदर दातात धरून ती भिंतीपाशी उभी राहिली. तिथले अधिकारी देशपांडे, नागपूरहून बदली होऊन आलेले. माझं आडनाव ऐकल्यावर ते मराठीत बोलू लागले. मग त्यांनी स्क्रीन पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“ताई, ही तुमची कोण?”

“विद्यार्थिनी.”

“डेबिट फ्रीझ लागलंय. म्हणजे पैसे जमा होतील, पण काढता येणार नाहीत. बाहेरच्या राज्यांतून तक्रारी आल्यात. त्यातली एक निवृत्त नर्सची आहे. जन्माची पुंजी गेली त्या बाईंची.”

“हिचं काय होईल?”

“खातं हिचं, तर नोटीसही हिलाच येणार. हिने आपणहून सायबर ठाण्यात जाऊन कार्ड कुणाकडे आहे ते सांगावं. फक्त ‘कार्ड हरवलं’ असं लिहू देऊ नका. एटीएमच्या कॅमेऱ्यात कोण दिसतंय, ते पोलिस बघतातच.”

खुशबू आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होती. तिला मराठी कळत नाही.

“मॅम, काय म्हणाले?”

मी सगळं सांगितलं. नर्सचंही.

“त्यांचे पैसे परत मिळतील ना?”

देशपांड्यांनी नकारार्थी मान हलवली. खात्यात काही उरलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर आईने माझा हात धरला. “हरवलं असंच लिहू या, मॅम. रिक्शा त्यानेच घेऊन दिलीय. सख्खा भाऊ आहे माझा. राखी बांधते मी त्याला.”

खोटं लिहिलं तर काय होईल आणि खरं लिहिलं तर काय होईल, ते मी दोघींना समजावलं. घरात काय होईल ते मला सांगता येण्यासारखं नव्हतं.

सायबर ठाण्यात शिपायाने कागद दिला. खुशबू सावकाश लिहीत होती. मामाच्या नावापाशी पेन थांबलं. आईने तिचं मनगट पकडलं.

“अम्मा,” खुशबू म्हणाली, “ती बाई मला शिव्याशाप देत असेल. मामाला नाही. तिला माझंच नाव माहीत आहे.”

तिने हात सोडवून घेतला आणि नाव लिहिलं. आई उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली. परतताना ती आमच्याबरोबर आली नाही.

मामाला पोलिस घेऊन गेले. तो ज्यांना खाती पुरवायचा ते सापडले नाहीत. खुशबूला आरोपी केलं नाही, साक्षीदार केलं. अजून बोलावणं येतं. खातं तसंच गोठलेलं आहे आणि स्कॉलरशिप त्यातच अडकली आहे. मामाच्या घरच्यांनी रिक्शा ओढून नेली. वडील आता दुसऱ्याची चालवतात.

बोर्डाची परीक्षा खुशबूने आत्याकडे राहून दिली. पास झाली. कॉलेजचा फॉर्म भरला नाही. चौकातल्या एका दुकानात ती साड्यांच्या घड्या घालते.

निकालानंतर मी रामनगरला गेले होते. आई दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

“तुम्ही शिकवलंत, मॅम,” ती म्हणाली, “आणि ती शिकली.”

दार लागलं. मी ऑटो धरून पुलावरून परत आले.

पर्सनल फायनान्सचा तास या वर्षीही आहे. बँकेने दिलेल्या पोस्टरवर ठग अनोळखी असतो. इकॉनॉमिक्सच्या पुस्तकातला ग्राहक एकटा असतो, माहिती मिळाली की योग्य निर्णय घेतो आणि धडा संपतो. त्याला ना मामा असतो, ना आई. मी आता मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. खरं बोलण्याची किंमत असते आणि ती बोलणाऱ्यालाच भरावी लागते. तरीही बोला, असंही म्हणते. ते म्हणताना माझा आवाज जरा खाली येतो.