जीपमधला कौल

कामशेतला मोबाइल दुरुस्त करणारा युनूस फावल्या वेळात निवडणुकीची वेबसाइट चालवतो. कुणाची भीड नाही. लोकांना विचारायचं आणि आकडा चढवायचा. पंचायत समितीच्या निवडणुकीआधी त्यानं पवनानगरच्या जीपमध्ये दिवसभराच्या फेऱ्यांत चाळीस जणांना विचारलं. चाळीसच्या चाळीस मतं उमेदवार नथूभाऊंना. इतकं एकमत मावळात दोन सख्ख्या भावांचंही बांधावरून झालेलं नाही.

शेजारच्या जैतुनबी म्हणाल्या, "येड्या, जीप कुणाची? नथूभाऊची. मंग मधीच उतरून चालत कोण जाईल?"

वेबसाइटच्या अब्रूचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी युनूसनं त्याच जीपचे चाळीस प्रवासी उतरल्यावर गाठले. नथूभाऊंना मतं अकरा. त्यानं दोन्ही आकडे शेजारीशेजारी चढवले: बसलेले चाळीस, उतरलेले अकरा.

संध्याकाळी नथूभाऊ दुकानात हजर. "उतरलेले काढून टाक, युनूस. मतदानाला बी समद्यांना मीच नेणार हाय, ह्याच जीपनं."

"व्हय भाऊ, पण बटण दाबायला उतरावं लागतंय न्हवं?"

नथूभाऊ काउंटरवर पुढं वाकले. मग हळूच म्हणाले, "मशीन जीपमदी न्हाई का ठेवता येनार?"