ताईची नोंद

सुभानपुऱ्यात आमच्या मंडळाचा वधूवर मेळावा होता आणि नोंदणीचा प्रोग्राम मी लिहिला होता. शोध झटपट लागावा म्हणून सगळ्या नोंदी लॅपटॉपच्या मेमरीतच राहायच्या. वीज गेली की मेमरी पुसली जाते, म्हणून दर पाच मिनिटांनी एक प्रत आपोआप डिस्कवर उतरायची. पण तेवढा वेळ स्क्रीन अडकायची आणि समोरचे आईवडील घाबरायचे. मला धीर मुळीच नाही. मी ते आपोआप जतन होणंच बंद करून टाकलं. अधूनमधून जतनाचं बटण दाबू, त्यात काय मोठंसं!

अकराच्या सुमाराला ताई आली. भावोजी जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तिने नाव नोंदवावं म्हणून मी कित्येक महिने तिच्या मागे लागलो होतो. एरवी हूं की चूं न करणारी ताई त्या दिवशी बोलत गेली. काय हवं, काय नको, एकटीने चहा प्यायचा किती कंटाळा आलाय, सगळं. मी मान खाली घालून टाइप करत राहिलो. शेवटी ती म्हणाली, "हे एकदाच सांगितलंय. पुन्हा नाही सांगणार."

दुपारी सगळे खाली जेवायला गेलो. परत आलो तर लॅपटॉप काळाठिक्कर. त्याची बॅटरी कधीच गेली होती, तो फक्त प्लगवर चालायचा. मंडळाचे एक काका, रेल्वेतून निवृत्त झालेले, आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत शांतपणे म्हणाले, "हॉल रिकामा झाला की मेन बंद करायचा, ही इथली पद्धत आहे ने." त्यांच्यावर चिडायला हवं होतं. चिडलो स्वतःवरच. बटण शेवटचं कधी दाबलं ते काही केल्या आठवेना.

मेन सुरू करून प्रोग्राम चालू केला. तो डिस्कवरची शेवटची प्रत वाचून मेमरी पुन्हा भरू लागला. एकेक नाव येत गेलं आणि यादी थांबली. शेवटचं नाव ताईचं होतं. उघडून पाहिलं, चहाचं वाक्यसुद्धा जागेवर होतं. इतकं हायसं वाटलं की मी तिथेच खुर्चीत बसकण मारली. मग आठवलं. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारी माझी ताई उठताना म्हणाली होती, "राहिलं ना रे नीट?" आणि केवळ तिच्या समाधानासाठी मी बटण दाबलं होतं.

तिच्यानंतरच्या सहा जणांच्या नोंदी गेल्या होत्या. त्यांना पुन्हा बोलावलं, कुणी रागावलं नाही. एका गृहस्थांनी तर या खेपेला मुलाची उंची दोन इंच कमी सांगितली. आपोआप जतन मी निमूटपणे पुन्हा सुरू केलं.

संध्याकाळी रिक्षात ताईला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "आणि माझं गेलं असतं तर?" मी म्हटलं, तुला पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नसती.

ती म्हणाली, "विचारायचं होतंस. सांगितलं असतं मी."