नावाड्याच्या पोरीसाठी बोललेला कोंबडा

बाबा सावंतवाडीच्या शाळेत शिकवत आणि शनिवारी घरी येताना वाचनालयातलं एखादं पुस्तक आणत. गावात टीव्ही अजून एकाच घरात होता, तेव्हाची गोष्ट. मी दहावीची परीक्षा दिली त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीला येताना त्यांनी आणलं ते एका बेटाचं. बेटावरची राणी दरवर्षी नऊ पोरं पकडून आणायची आणि त्यांना खेळायला लावायची. आंधळी कोशिंबीर, पण कड्याच्या टोकावर. लपंडाव, पण शोधायला वाघ. शेवटी जो जिवंत उरेल, तो घरी.

काकी आणि दोन शेजारणी पडवीत कोकमांसाठी रातांबे फोडायला बसत, कोपरापर्यंत लाल. मी मधोमध पाटावर बसून वाचायची. म्हणजे राणी आली की डोक्यावर काकीचा पदर आणि मान ताठ, वाघ आला की पोटातून गुरगुर. बायांचा जीव जडला एका नावाड्याच्या पोरीवर. तिला राणीने तळ फुटलेल्या होडीत बसवलं आणि मी पुस्तक मिटलं.

"आता उद्या."

"उद्या? चेडवा, थंय ती बुडता आसा आणि तू उद्या म्हणतंस?" असं म्हणून काकी उठलीच. देवळाच्या दिशेला तोंड करून लाल हात जोडले. "बा राखणदारा, ह्या पोरीक जिती ठेव. तुका कोंबो देतंय."

"होय म्हाराजा!" शेजारणी म्हणाल्या. झालं. असं बोललेलं परत घेता येत नाही.

घरात कोंबडा एकच, आणि तो माझा. त्याच्या आईला मुंगसाने नेल्यावर मी त्याला चुलीजवळ टोपलीत वाढवलेला. आता पोरगी जगली की तो गेला!

दुसऱ्या दिवशी वाचताना एक शेजारीण ओळीवर बोट धरून माझ्या खांद्याला चिकटून बसली. चौथीपर्यंत शिकलेली होती. त्यामुळे शेवट बदलायची सोय नव्हती. कुठल्याही गोष्टीतली नायिका बुडावी असं मला तेवढ्या एकदाच वाटलं. नायिका पोहून आली. पडवीत आनंदीआनंद. मी रडले, तर काकी म्हणाली, "बघा, पोरीचा काळीज किती मऊ!"

मग कोंबडा माझ्या काखेत आणि आम्ही सगळ्या राखणदाराकडे. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर ते कोणासाठी, त्याचं नाव-गाव सांगावं लागतं. देवळातल्या गुरवकाकांनी ते विचारलं.

"नावाड्याची पोर," काकी म्हणाली. "बेटावरची."

"खंयच्या बेटावरची?"

"पुस्तकातल्या."

गुरवकाकांनी तोंडातलं पान या गालातून त्या गालात नेलं. "बाये, आमच्या राखणदाराची राखण शिवेपर्यंत. व्हाळाच्या पलीकडे दुसरो राखणदार. ह्या पोरीक वाचवल्यान तिच्या बेटावरच्या देवान. त्याचो कोंबो ह्याका कसो देतलंस?"

मी कोंबडा घेऊन घराकडे वळलेसुद्धा. पण काकी ऐकते कसली!

"वाचली ती आमच्या पडवीत! ह्या बायांच्या डोळ्यांदेखत! आमची पडवी शिवेत आसा काय नाय?"

बिनतोड होतं. गुरवकाकांनी कोंबड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्याला इतका आवळून धरला होता की त्याची चोच उघडी पडलेली.

"मगे ती पावणी," ते शेवटी म्हणाले. "कोंबो घरच्या माणसाचो. पावण्यांचो नारळ."

गाऱ्हाणं मात्र त्यांनी पुरं घातलं, राणी, बेट, वाघ, होडी, सगळ्यासकट. "होय म्हाराजा" मी सगळ्यांत मोठ्यांदा म्हटलं. नारळ फोडून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पण त्या वाघाचा काय झाला?"

म्हणून दुसऱ्या दिवशी गुरवकाका पडवीत येऊन बसले आणि पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा सुरू झालं. तीच राणी, तीच गुरगुर. होडीत पाणी शिरायला लागलं आणि शेवट पक्का ठाऊक असलेली माझी काकी हातातली सुरी खाली ठेवून उठली.

"काकी," मी म्हटलं, "ह्या वेळेक नारळच बोल हां."