हेडसेटला दिसलेली भिंत

हे लिहावं की नाही, यावर बरेच दिवस घालवले. माझी आई भोरला नर्स होती. कुणाच्या अंगात आलंय, कुणाला काहीतरी दिसलंय असं सांगत कुणी दारात आलं की ती आधी थर्मामीटर काढायची. अशा घरात वाढलेली मी... असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता. आजही "असतं बाबा काहीतरी" असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, भर दिवसा झालं, आणि त्याचं काय करायचं मला कळत नाहीये. इथं कुणाला तांत्रिक बाजू कळत असेल तर जरूर सांगा, मी मनापासून विचारतेय.

माझं सासर गुंजवण्याच्या बाजूचं, राजगडाच्या खालचं. सासऱ्यांचं मूळ घर गुंजवणीच्या धरणात गेलं. मी लग्न होऊन आले ती वरच्या अंगाला बांधलेल्या नव्या घरात. साधं स्लॅबचं घर आहे – पुढे मोठी खोली, मागे स्वयंपाकघर, बाजूला दोन खोल्या. जुनं घर मी कधी पाहिलेलं नाही. त्याचा फोटोसुद्धा नाही. सासूबाईंच्या लग्नाचा एक फोटो आहे, पण त्यात मांडव आणि माणसंच दिसतात. आणि नवं घर काही जुन्याच्या जागेवर नाही. ती जागा खाली, पाण्यात आहे. हे मुद्दाम सांगून ठेवते.

मी आणि माझा नवरा महेश एरवी भोरला राहतो. तो तिथं शाळेत शिक्षक आहे. गेल्या वर्षी आण्णा – म्हणजे माझे सासरे – गोठ्यात पाय घसरून पडले आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. मग आम्हीच गावी राहायला आलो. महेश बाईकवरून रोज ये-जा करायचा आणि मी घरून काम.

माझं काम गोदामांचे आराखडे करायचं. रॅक कुठं, फोर्कलिफ्ट वळायला जागा किती, असलं सगळं. त्यासाठी कंपनीने मला मिक्स्ड रिॲलिटी हेडसेट दिला होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते – तो डोळ्यांवर चढवला तरी पुढच्या कॅमेऱ्यांमधून आपली खोली आपल्याला दिसत राहते, आणि त्या खोलीत हवेत आपले स्क्रीन लावता येतात. एकीकडे ड्रॉइंग, एकीकडे मेल, एकीकडे मीटिंग. बोटांच्या चिमटीने धरायचं आणि हवं तिथं नेऊन ठेवायचं. भोरच्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये मी तो महिनोन् महिने वापरला होता. कधी कसली तक्रार नाही.

नव्या जागी गेलं की तो आधी खोली तपासून घेतो. आपण चारी बाजूंना बघायचं, मग तो भिंतींवर, पलंगावर, टेबलावर निळसर रेषा काढतो. म्हणजे ही भिंत, हे सामान, इथं धडकू नका.

गावच्या घरी बाहेरच्या खोलीत मी पहिल्यांदा तो लावला आणि त्याने खोलीच्या मधोमध एक भिंत काढली.

खोली मोकळी होती हो. एका कडेला आण्णांची कॉट, एका कडेला माझं टेबल, मध्ये नुसती फरशी. आणि त्या फरशीवरून आडवी निळी भिंत, तिला मध्ये एक दार. दार पण कसं... ठेंगणं. पलीकडे जमिनीलगत एक चौकोन, कोपऱ्यात आणखी एक.

मी स्कॅन पुसला, पुन्हा केला. पुन्हा तेच. खिडक्या बंद करून, पडदे ओढून, दिवे लावून... तेच. ऑफिसमधल्या सपोर्टच्या मुलीला मेसेज करून सगळं कळवलं, मग फोन केला. ती म्हणाली, "चकचकीत फरशी असेल ना मॅम, रिफ्लेक्शनने होतं असं. सतरंजी टाकून बघा." सतरंजी टाकली. रेषा सतरंजीवर आल्या. शेवटी पूर्ण रीसेट मारला. तरीही भिंत जागच्या जागी. पण हाच हेडसेट मागच्या खोलीत नेला की एकदम शहाण्यासारखा वागायचा!

कामं तुंबत होती, म्हणून मी नाद सोडला. उलट त्या नसलेल्या भिंतीवर माझे दोन स्क्रीन लावून टाकले, छान चिकटून बसायचे. खोटी भिंत कामाला आली म्हणून मी महेशला हसत हसत सांगितलंसुद्धा.

इकडे आण्णांचं मात्र अवघड चाललं होतं. ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण ते चालेनात. वॉकर कॉटशेजारी तसाच उभा. फिजिओवाल्या मॅडमनी महेशला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं – आत्ता चालले नाहीत तर मग कधीच चालणार नाहीत, आणि झोपून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचं पुढे काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. महेश रागावून बघायचा, समजावून बघायचा. आण्णा छताकडे बघत म्हणायचे, "कुठं जायाचंय मला चालून?"

एका दुपारी मी हेडसेट घालून फोनवर बोलत फिरत होते. काढला तर आण्णा कोपरावर उठून माझ्याकडे बघत होते.

"पोरी, तू तितनं वळसा घालून का जातीस?"

"कुठून आण्णा?"

"आत्ता गेलीस की. मधनं सरळ वाट हाय, तर अशी कडंनं गेलीस, मंग हितनं आत वळलीस. आन् वळताना मान वाकीवलीस."

मला कळलंच नव्हतं. रोज निळी भिंत डोळ्यांसमोर असल्यामुळे मी तिला चुकवून, दारातूनच ये-जा करायला लागले होते. मी हसून त्यांना सांगितलं की हे यंत्र चुकून इथं भिंत दाखवतं. त्यांनी विचारलं, कशी भिंत? सांगून समजेना, म्हणून मी खडू घेतला. हेडसेट लावला आणि गुडघ्यांवर बसून फरशीवर त्या रेषा जशाच्या तशा गिरवल्या. म्हटलं, महेशलाही संध्याकाळी दाखवता येईल.

गिरवून उठले तर आण्णा कॉटवर पाय खाली सोडून बसले होते. आपल्या आपण.

मग बोट दाखवून म्हणाले, "ह्यो उंबरा. त्यो चौकून म्हंजी चूल. तुझ्या सासूची चूल." मग त्यांनी हात सगळ्या खोलीवरून फिरवला. "आपलं घर हाय की गं हे. खालचं."

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. मी म्हटलं, "आण्णा, मी तुमचं घर पाहिलेलं नाही. हे मी नाही काढलं."

"त्येच तर म्हन्तो ना म्या."

संध्याकाळी महेश आला. फरशीकडे बघून तो दारातच थबकला. बूटसुद्धा काढले नाहीत. तो त्याच घरात लहानाचा मोठा झालेला. आधी माझ्यावरच चिडला. "आण्णांनी सांगितलं आणि तू काढलंस ना? कशाला त्यांना त्रास देतेस?" मी शपथा घेतल्या, सपोर्टला पाठवलेले जुने मेसेज दाखवले. मग तो उभ्या उभ्या म्हणाला, "पण कोपऱ्यातलं हे काय? इथं काही नव्हतं." आण्णाही म्हणाले, "व्हय, त्यो कोपरा रिकामा व्हता."

खरं सांगू का, मला ते ऐकून बरं वाटलं! म्हणजे बाकीचा योगायोग. गावाकडची घरं साधारण सारखीच असतात, चूल कुठंतरी असणारच, दार मध्येच असणार. त्या रात्री मला शांत झोप लागली.

पुढच्या रविवारी थोरल्या आत्या आण्णांना बघायला भोंगवलीहून आल्या. त्या आण्णांपेक्षा बऱ्याच मोठ्या. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. खडू थोडा पुसट झाला होता, तरी रेषा दिसत होत्या. आत्या चहाची कपबशी घेऊन बसल्या आणि सहज म्हणाल्या, "हे आपल्या घराचं कुणी काडलंय? गव्हाणसुदीक काडलीया की."

"कुठली गव्हाण?" महेशने विचारलं.

"ही काय, कोपऱ्यातली. आरं, तवा जनावरं घरातच बांदायची. ह्यो तुजा बाप पाळन्यात व्हता तवा आमच्या बानं गोठा भाईर काडला आन् गव्हाण फोडली. त्येला कुठनं ठावं आसनार?"

महेशने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. आत्या चहा पीत होत्या.

त्या दिवसानंतर महेश त्या खोलीत हेडसेट लावू देईना. मीही मागच्या खोलीत बसायला लागले. फरशी पुसून टाकायला मी बादली आणली, तर आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकरचा आवाज आला. मी धावत गेले. आण्णा उभे होते. खडूच्या उंबऱ्यापर्यंत आले, पाय उचलून आत गेले, चुलीपाशी थांबले, परत फिरले. दमले होते. घाम आला होता. पण दुपारी पुन्हा उठले. मग रोजच. फिजिओवाल्या मॅडम खूश! त्यांना वाटलं, खडूच्या रेषा व्यायामासाठी आखल्यात.

इथवर सगळं मी कसंबसं गिळलं असतं. खरी गोष्ट याच्या पुढे आहे.

कंपनीने जुने हेडसेट परत मागवले, नवे देणार होते. कुरिअरवाला येणार होता त्या दिवशी सकाळी मी तो पॅक करत होते. महेश शाळेत गेला होता. आण्णा म्हणाले, "एकडाव मला घालून बघू दे."

मी घाबरले. चक्कर आली, तोल गेला तर? पण त्यांनी आजवर माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी त्यांना वॉकर धरायला लावला, हेडसेट घातला, पट्टा बसवला. त्यांना काय दिसतंय ते मला कळावं म्हणून मोबाईलवर कास्ट केलं. मोबाईलमध्ये साधी खोली दिसत होती. कॉट, टेबल, फरशी. एक निळी रेषसुद्धा नव्हती. मला वाटलं, चला, आज नेमका बिघाड दुरुस्त झाला. बिचाऱ्यांची निराशा होणार.

आण्णा उंबऱ्याशी गेले. मान वाकवली. आत गेले... आणि त्यांनी वॉकर सोडून दिला.

"आण्णा!" मी ओरडले. ते माझ्यापासून चार हात लांब होते. त्यांनी उजवा हात बाजूला नेला, हवेत, खांद्याच्या उंचीवर. तळवा उघडा. आणि माणूस भिंतीला टेकतो तसे टेकले. सगळं अंग कललं. ऑपरेशन झालेला पाय त्यांनी जमिनीवरून सैल केला, विसावा द्यावा तसा. तशा कललेल्या अवस्थेत कुठलाही माणूस पडायलाच हवा. धडधाकट माणूससुद्धा. ते पडले नाहीत. नीट टेकून उभे राहिले, चुलीकडे तोंड करून, मान थोडी खाली घालून. जमिनीवर बसलेल्या माणसाशी आपण बोलताना घालतो ना, तशी.

किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग मी भानावर येऊन धावले आणि त्यांना कमरेला धरलं. त्यांचं वजन माझ्यावर आलंच नाही. ते आपणहून सरळ झाले, हात खाली घेतला, वॉकर धरला.

मी हेडसेट काढला. डोळे ओले होते, पण चेहरा अगदी निवांत होता. मी विचारलं, "आण्णा, काय दिसलं?"

ते म्हणाले, "पानी आजून आलेलं न्हाई."

बस, एवढंच. कुरिअरवाला आला आणि हेडसेट घेऊन गेला.

नंतर मी त्यांना दोन-तीनदा विचारलं. ते "काय की बा" म्हणतात आणि गुरांचं बोलायला लागतात. आता काठी घेऊन डेअरीपर्यंत जातात. नवा हेडसेट आला, महेशच्या नकळत मी तो बाहेरच्या खोलीत लावून बघितला. चार भिंती, कॉट, टेबल. मध्ये काही नाही. महेशचं म्हणणं, आण्णांचा तोल मुळात चांगला आहे, आयुष्य शेताच्या बांधावर गेलंय, आणि मी घाबरले होते म्हणून मला तसं दिसलं. असेलही. सपोर्टच्या मुलीचं म्हणणं, जुन्या मॉडेलचे सेन्सर गंडलेले होते. तेही असेल. आईला फोनवर सगळं सांगितलं. तिला मी थर्मामीटरवाली म्हणते, पण तिने कुणाला ताप होता का, एवढंही विचारलं नाही. मग म्हणाली, "चालायला लागले ना? झालं तर मग."

मला मात्र "झालं तर मग" म्हणता येत नाही. यंत्र चुकलं असेल. माझे डोळे चुकले असतील. गव्हाणीचा योगायोगही, ओढूनताणून, मान्य करेन. पण त्या माणसाने स्वतःचं घर पाण्याखाली जाताना काठावर उभं राहून पाहिलंय. तो मला सांगतो की पाणी "आजून" आलेलं नाही. त्या "अजून"चं काय करायचं, हे मला आजही सुचलेलं नाही.